पिवळ्या रायफलची समीक्षा

रबराची ती गोल रिंग बाहेरून नऊ मिलिमीटर व्यासाची होती, जाडी दीड मिलिमीटर, आणि तिच्या आतल्या कडेला, घड्याळाच्या हिशोबाने चार आणि पाचच्या मध्ये, केसाएवढी एक चीर होती. ती झडपेत बसवून मॅगझिन साबणाच्या पाण्यात धरलं की दर अकरा सेकंदांनी एक बुडबुडा वर यायचा. लॅबच्या बाईंनी असे चौदा बुडबुडे मोजले, सरासरी काढली, वहीत लिहिली, हात पुसले आणि मग फोन घेतला. तो तिसऱ्यांदा वाजत होता.

“काय करत होतीस एवढा वेळ?” ताईने विचारलं.

“बुडबुडे मोजत होते.”

 ताईला धाकट्या बहिणीच्या अशा उत्तरांची साठ वर्षांची सवय होती, त्यामुळे तिने ते तिथेच सोडलं.

“बरं, मग काय ठरलं?”

“बघते,” बाई म्हणाल्या.

हे ‘बघते’ अकरा महिने चाललं होतं. बाई कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि तीन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी आपलं दोन खोल्यांचं घर सोडून ताईकडे राहायला यावं, असं ताईने ठरवलं होतं. भाऊजींना ते मान्य होतं. ताईने मागची खोली रिकामी करून तिला फिकट हिरवा रंगही देऊन घेतला होता. प्रश्न फक्त बाईंच्या ‘हो’चा होता, आणि तो ताईच्या मते नुसता सोपस्कार होता. बाईंना नाही म्हणायचं होतं. पण नकार द्यायला समोरचा माणूस थोडा तरी वाईट असावा लागतो. ताई अजिबात वाईट नव्हती. ती फोन ठेवताना “औषध घेतलंस का?” विचारायची, आणि बाई कुठलंच औषध घेत नसूनही त्यांना अपराधी वाटायचं.

आता साठीला आलेल्या, जन्मात कधी कुणावर आवाजही न चढवलेल्या बाईंच्या ओट्यावर रायफलचं छर्रे आणि गॅस भरायचं मॅगझिन कसं आलं, हे सांगायला हवं. त्याचं मूळ अपमानात होतं.

कॉलेजातले वर्कशॉपचे सर शनिवारी एका मंडळाबरोबर बंद पडलेल्या गोदामात एअरसॉफ्ट खेळायला जात. एअरसॉफ्ट म्हणजे मोठ्या माणसांचा लपंडाव. हातात अगदी खऱ्यासारख्या दिसणाऱ्या रायफली, आणि त्यांतून सुटणारे सहा मिलिमीटरचे प्लास्टिकचे छर्रे. कुणाच्या तरी रायफलच्या छर्ऱ्याचा वेग मंडळाच्या मर्यादेबाहेर आहे की काय, अशी शंका आली, म्हणून सरांनी ती मोजायला प्रयोगशाळेत आणली. बाईंनी दोन प्रकाशसंवेदक वीस सेंटिमीटरवर बसवून वेग मोजून दिला. ती रायफल गॅसवर चालणारी होती. प्रत्येक छर्ऱ्याबरोबर थोडा गॅस वरच्या सरकत्या भागाला, म्हणजे बोल्टला, मागे ढकलायचा आणि खांद्याला खरोखरीचा धक्का बसायचा. याला ब्लोबॅक म्हणतात, असं सरांनी सांगितलं. बाईंनी प्रमाणित पद्धत म्हणून तीन छर्रे मारले. मग, प्रमाणित पद्धतीत बसत नसतानाही, आणखी सात मारले.

त्या संध्याकाळी बाईंनी या रायफलींच्या समीक्षा छापणारं एक संकेतस्थळ उघडलं आणि त्यांचा जीव गुदमरला. ‘जबरदस्त किक!’ ‘कडक!’ ‘हातात घेतल्यावरच कळेल!’ चाळीस समीक्षांमध्ये मिळून एकही आकडा नव्हता. बाईंनी खाली नम्रपणे विचारलं, ‘किक जबरदस्त आहे म्हणजे नेमकी किती? धक्का कुठल्या एककात मोजला आहे?’

त्यांच्या नावाशेजारचा फोटो बघून दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘आजी, तुम्ही लोकरीचं बघा. दोन सुलटे, एक उलटा.’ त्याला एकोणीस जणांनी हसून दाद दिली होती.

बाईंना विणता येत नव्हतं. त्यामुळे तो घाव जास्तच लागला. निदान येत असतं, तर टोमण्यात तथ्य तरी असतं. त्या रात्रभर नाही, पण बराच वेळ विचार करत बसल्या आणि सकाळी त्यांनी त्याच मॉडेलची रायफल मागवली. या रायफलची जगातली पहिली खरी समीक्षा त्या लिहिणार होत्या. तक्त्यांसकट.

पार्सल आलं, पण घरी आलं नाही. पार्सल कार्यालयातून चिठ्ठी आली: मालाचे वर्णन समक्ष येऊन भरावे. बाई समक्ष गेल्या. कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. ‘मालाचे वर्णन’ या रकान्यापुढे दोन इंच जागा होती.

बाईंनी लिहिलं: ‘द्रवीकृत वायूच्या प्रसरणावर चालणारे, प्रत्यागामी बोल्टयुक्त, प्लास्टिक गोलक प्रक्षेपित करणारे हस्तधारित साधन.’ शेवटचे तीन शब्द समासात गेले.

कारकुनाने ते ओठ हलवत वाचलं. चष्मा काढला. पुन्हा वाचलं. मग उठून आतल्या साहेबांकडे गेला आणि वीस मिनिटांनी आला.

“मॅडम, साहेब विचारतायत, हे यंत्रसामग्रीत घालू की रसायनांत?”

“दोन्हीत अंशतः बसेल.”

“अंशतः असा रकाना नाही.”

पुढचे नऊ दिवस पार्सल यंत्रसामग्री विभागातून रसायन विभागात, तिथून ‘इतर’ नावाच्या विभागात फिरलं. ‘इतर’ विभागाचा माणूस रजेवर होता. चौथ्या फेरीला कारकून वैतागून म्हणाला, “अहो मॅडम, पेटीवर चित्र आहे की. हे खेळणं आहे ना? पहिल्याच दिवशी खेळणं लिहिलं असतंत तर पाच मिनिटांत हातात दिलं असतं.”

“खेळणं हा शब्द संदिग्ध आहे,” बाई म्हणाल्या.

“ते मी लिहितो. तुम्ही तिकडे बघा.”

बाईंनी तिकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा एका चुकीच्या नोंदीकडे त्यांनी पाठ फिरवली, आणि हे त्यांच्या मनाला लागून राहिलं. त्या दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं की हे पुन्हा होणार नाही.

लांबट पेटी जिन्यावरून नेताना ती इमारतीने बघितली. समोरच्या वहिनींनी दार उघडून विचारलं, “पडद्याची दांडी का हो बाई? आमच्याकडे एक जास्तीची आहे, उगाच घेतलीत.” तळमजल्यावरचे सचिव म्हणाले, “मॅडम, शिडी असेल तर जिन्यात ठेवू नका, नियम सहा.” शिडी नाही, असं बाईंनी सांगितलं. “मग काय आहे?” असं त्यांनी विचारलं असतं, तर बाईंनी तेही सांगितलं असतं. पण सचिवांना उत्तरांपेक्षा नियमांत रस होता.

चाचण्या सुरू झाल्या. स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या खोलीच्या खिडकीपर्यंत सहा मीटर वीस सेंटिमीटर मिळत होते. खिडकीशी जुने पडदे ठासून भरलेला खोका, मध्ये वेगमापक, डोळ्यांवर प्रयोगशाळेचा जाड गॉगल, आणि हातात वही. पेटीवर वेग सेकंदाला १२० मीटर छापला होता. बाईंना ९८.३ मिळाला. त्यांनी तो पन्नास वेळा मोजला, कारण कुणावर खोटेपणाचा आरोप करायचा तर तो पन्नास वेळा मोजूनच करावा. शिवाय भराभर छर्रे मारले की गॅस उडताना मॅगझिन गार पडतं, दाब उतरतो, आणि विसाव्या छर्ऱ्याचा वेग ८३वर येतो, हेही त्यांनी आलेखावर दाखवलं. तो आलेख इतका देखणा उतरला की त्यांनी तो थोडा वेळ नुसता बघितला.

तापमानाच्या चाचणीला मॅगझिन थंड करायला हवं होतं. बाईंचा फ्रिज बंद पडला होता. त्यांनी समोरचं दार वाजवलं.

“वहिनी, तुमचा फ्रिज किती अंशांवर चालतो?”

“चालतो, एवढं माहीत आहे.”

“एक रिकामं धातूचं खोकं तासभर ठेवू का?”

“भाजीच्या कप्प्यात ठेवा की. त्यात काय विचारायचं?”

बाईंनी ते पिशवीत घालून, पिशवीवर ‘नमुना २, हलवू नये’ असं लिहून ठेवलं. अर्ध्या तासाने वहिनी दारात आल्या. “अहो बाई, आमच्या सासूबाई विचारतायत, नमुना कुणाचा आहे आणि त्यांना बरं आहे का आता.”

बाईंनी समजावून सांगितलं. वहिनींनी शांतपणे सगळं ऐकलं, रायफल बघितली, हाताने तोलली आणि म्हणाल्या, “जड आहे हो. पण तुमच्या हातात शोभते.” मग दार लावताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “सासूबाईंना काय सांगू?”

“सुधारतोय म्हणावं.”

समीक्षा चौदा पानांची झाली. एकच वाक्य अडलं होतं: किक. धक्क्याचा आकडा बाईंनी काढला होता, पण तो लिहिल्यावर त्यांना वाटलं, हे पूर्ण सत्य नाही. प्रत्येक धक्क्याला खांद्यातून काहीतरी सरळ हसण्यापर्यंत पोचत होतं, आणि त्याला एकक नव्हतं. दोन दिवस विचार करून त्यांनी आकड्यापुढे लिहिलं, ‘आनंददायक’. चाळीस वर्षांच्या नोकरीत अहवालात घातलेलं हे त्यांचं पहिलं विशेषण. ते खोडावं का, म्हणून त्या पुन्हा दोन दिवस विचार करत होत्या. खोडलं नाही.

मग त्यांनी रायफल स्वतःच्या मापाची करायला घेतली, आणि संकट इथून सुरू झालं. ती सहा फुटी माणसासाठी बनलेली होती. बाई पाच फूट एक इंच. त्यांनी मागचा दस्ता आखूड केला, त्याच्या टोकाला फ्लास्कचं मोठं रबरी बूच कापून बसवलं, गालाखाली पाइपावर गुंडाळतात तो फोम लावला, आणि जवळचं-लांबचं दोन्ही दिसणाऱ्या चष्म्यातून नेम धरता यावा म्हणून दुर्बीण साडेतीन सेंटिमीटरने उचलली. चिरलेली रिंग बदलली. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. पण ती शनिवारच्या मंडळात न्यायची तर एक अट होती, रायफल नेता-आणताना खरी वाटता कामा नये. तिला उठून दिसेल असा रंग हवा.

वर्कशॉपच्या सरांनी स्वतःच्या रायफलला निळ्या ज्वाळा काढून घेतल्या होत्या. बाईंनी शास्त्रीय विचार केला. प्रयोगशाळेत चाळीस वर्षं त्यांनी नळ्यांचे रंग सांभाळले होते. पाण्याला हिरवा. हवेला निळा. या नळीतून काय वाहतं? गॅस. मग रंग कुठला? प्रश्न विचारायचं कारणच नव्हतं. पिवळा. आणि नळी पिवळी झाली म्हणजे तिच्यावर प्रवाहाची दिशा दाखवणारा काळा बाण हवाच. आणि बाण आला म्हणजे त्याच्यामागे सूचनेची पट्टी. बाईंच्या कपाटात तसल्या पट्ट्यांचं अख्खं रीळ होतं. ‘सावधान! दाबाखालील ज्वलनशील वायू. ज्योत नेऊ नये.’

शनिवारी दुपारी त्यांनी रायफलची पुढची नळी, दस्त्याची नळी आणि आवरण असे तीन लांब भाग रंगवले, पट्ट्या लावल्या आणि वाळायला बाल्कनीत तारेला टांगले. एकापुढे एक टांगल्यामुळे ते तीन तुकडे खालून एकच सलग पाइप दिसत होते. वाऱ्याने सगळे बाण एका दिशेला झाले होते. ती दिशा समोरच्या वहिनींच्या स्वयंपाकघराची होती, कारण त्यांची खिडकी बाईंच्या बाल्कनीला काटकोनात लागून होती.

रविवारी सकाळी सचिव अंगणातून वर बघत फेरी मारत होते. बाल्कनीतून चादरी कोण झटकतं, याची ते नोंद ठेवत. चादर झटकणारं कुणी सापडलं नाही. पाइप सापडला.

त्यांनी वर येऊन विचारलं नाही. त्यांनी गॅस कंपनीला फोन केला. गॅसवाले साहेब अर्ध्या तासात आले, खाली उभं राहून त्यांनी हातातल्या नकाशाकडे, मग वर, मग पुन्हा नकाशाकडे बघितलं.

“ही लाइन आमच्या नकाशात नाही.”

“मला कधीपासून वास येत होता,” सचिव म्हणाले. तो रंगाचा होता.

“रंग बरोबर आहे, बाण बरोबर आहे, पट्टी तर आमच्यापेक्षा चांगली आहे,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा आदर होता. “काम माहीतगार माणसाचं आहे. या घरातून त्या घरात चोरून गॅस देतायत.” आणि त्यांनी सगळ्या इमारतीचा गॅस बंद केला.

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बत्तीस स्वयंपाकघरांतल्या बत्तीस शेगड्या विझल्या. दहा मिनिटांत पार्किंगमध्ये एवढी माणसं जमली की वार्षिक सभेला कधी जमली नव्हती. कुणाच्या हातात कालथा होता, कुणाच्या हातात अर्धवट उकळलेलं दूध. प्रत्येकाजवळ सल्ला होता. कुणी म्हणालं, पाइप कापून टाका. कुणी म्हणालं, कापू नका, पुरावा आहे. विम्यातून निवृत्त झालेले काका म्हणाले, असल्या प्रकरणात पहिली गोष्ट म्हणजे काहीच कबूल करायचं नाही. त्यांना अजून प्रकरण काय आहे ते कळलं नव्हतं, पण हा सल्ला ते सगळीकडे देत.

समोरच्या वहिनींना साहेबांनी थेट विचारलं, “तुम्ही किती दिवस घेताय गॅस यांच्याकडून?”

“मी?” वहिनी म्हणाल्या. “मी फक्त फ्रिज दिला.”

याने साहेबांच्या संशयाला नवीच दिशा मिळाली.

नेमकी त्याच वेळी ताई आणि भाऊजी फाटकातून आत आले. भाऊजींच्या हातात मोजायची टेप होती. बाईंचं पुस्तकांचं कपाट हिरव्या खोलीत मावतं का, हे बघायला ते आले होते.

“छोटे, काय झालं ग? गॅस गळला? तुला काही झालं नाही ना?” ताई गर्दीतून वाट काढत आली आणि तिने आधी बाईंचे दोन्ही हात धरून बघितले. मग पिवळा रंग बघून दचकली. “हे काय लागलंय हाताला?”

“रंग आहे. पाइपाचा नाही. रायफलचा.”

 कुणीतरी दुधाचं भांडं हळूच फरशीवर ठेवलं.

“कसली?” भाऊजी म्हणाले.

“एअरसॉफ्ट. गॅसवर चालते. थांबा, आणते.” आणि बाई वर गेल्या.

त्या येईपर्यंत भाऊजींनी परिस्थिती हातात घेतली. ते बँकेतून निवृत्त झाले होते आणि परिस्थिती हातात घ्यायची त्यांना सवय होती. “साहेब, हे बघा. आमच्या मुलाचं खेळणं असणार. त्याचं लिहा, विषय मिटवा.”

“मुलगा किती वर्षांचा?”

“चौतीस.”

बाई सुटे भाग आणि खोका घेऊन खाली आल्या. सायकली ठेवायच्या लोखंडी टेबलावर त्यांनी स्वच्छ फडकं अंथरलं आणि एकेक भाग जोडायला सुरुवात केली.  चार मिनिटं लागली. तेवढ्या वेळात एकाही माणसाने सल्ला दिला नाही. खोका पार्किंगच्या टोकाच्या भिंतीशी ठेवून बाईंनी सगळ्यांना आपल्या मागे उभं केलं, साहेबांना गॉगल दिला, आणि पाच छर्रे मारले. ठक, ठक, ठक, ठक, ठक. खोक्यावरच्या वर्तुळात पाच भोकं पडली, आणि पाचही एका बशीखाली झाकली गेली असती.

साहेबांनी गळती शोधायचं यंत्र रायफलभोवती फिरवलं. यंत्र गप्प राहिलं. मग त्यांनी घसा साफ केला. “तपासणीचा भाग म्हणून मी एकदा...”

“गॉगल घट्ट करा.”

साहेबांनी एक मारला. मग तपासणीचा भाग म्हणून आणखी सहा मारले. वळले तेव्हा त्यांचं वय दहा वर्षांनी कमी झालं होतं. “किक आहे हो!”

“किती?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे... चांगलीच.”

बाईंनी निःश्वास टाकला. जगात हे असंच चालणार होतं. “समीक्षेतलं पान नऊ वाचा,” त्या म्हणाल्या. “देईन तुम्हाला.”

“मॅडम,” सचिव मागून दबक्या आवाजात म्हणाले, “सोसायटीच्या वतीने कुणीतरी खात्री करून घ्यायला पाहिजे ना?” त्यांनाही गॉगल मिळाला. विमावाल्या काकांनी रांग लावली.

हे सगळं ताई बघत होती. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तिचे डोळे भरून आले होते.

“चुकलं माझंच,” ती भाऊजींना म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “अकरा महिने नुसतं विचारत बसले. एकटं राहून राहून माणसाचं असं होतं. बंदुका घेऊन बसली बिचारी. मी आजच घेऊन जाते तिला.”

बाईंनी सचिवांच्या हातातली रायफल घेऊन टेबलावर ठेवली. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गर्दीतल्या बायकांनी मान हलवली होती, आणि त्यात कीव होती, हे त्यांनी पाहिलं. क्षणापूर्वी रांगेत उभे असलेले काकासुद्धा हलकेच बाजूला सरकले, जणू आजारी माणसाचं औषध आपण मागत होतो.

“बिचारी कशाला?” समोरच्या वहिनी म्हणाल्या. “नेम बघितला का तुम्ही?”

पण ते फारसं कुणी ऐकलं नाही, कारण साहेबांनी अहवालाचा फॉर्म काढला होता आणि गॅस त्या फॉर्मवर अडकला होता. साहेब टेबलाशी बसून एकेक रकाना मोठ्याने वाचू लागले.

“वस्तूचं वर्णन?”

“एअरसॉफ्ट रायफल, गॅस ब्लोबॅक,” बाई म्हणाल्या. दोन इंचांत बसलं.

“मालक?”

“यांचा भाचा,” भाऊजी म्हणाले.

“मी,” बाई म्हणाल्या.

“अग, नावाला त्याचं सांग,” भाऊजी खाली वाकून कुजबुजले. “कॉलेजात कळलं तर? निवृत्तीला तीन महिने राहिलेत.”

“भाऊजी, त्याला साधी सेल्फी नीट काढता येत नाही. माझं लिहा, साहेब.”

साहेबांनी लिहिलं. “पिवळा रंग लावण्याचं कारण?”

“नियम.”

 साहेबांनी ते मनापासून, सुवाच्य अक्षरात लिहिलं. असं उत्तर त्यांना नोकरीत पहिल्यांदाच मिळालं होतं. त्यांनी पान उलटलं.

“आता शेवटचं. रहिवासी कायम की तात्पुरता?”

“याने काय फरक पडतो?” सचिवांनी विचारलं.

“पडतो ना. तात्पुरता असेल तर मी सही करतो आणि गॅस आत्ता सोडतो. कायम असेल तर आधी बत्तीसही घरांत जाऊन तपासणी, मग गॅस. दोन तास तरी. आणि पुढे वर्षभर दर महिन्याला मॅडमच्या घरी एक फेरी.”

पार्किंगमधले सगळे चेहरे बाईंकडे वळले. कालथे, पातेली, दुधाचं भांडं, सगळं त्यांच्याकडे बघत होतं. बारा वाजत आले होते.

“तात्पुरता,” सचिव म्हणाले.

“तात्पुरता, तात्पुरता,” काका म्हणाले. “नाहीतरी मॅडम बहिणीकडे चालल्यातच.”

“हो, तात्पुरताच लिहा,” ताईने डोळे पुसत म्हटलं. “खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय. छोटे, चल, तुझे कपडे भरू या.”

साहेबांनी पेन टेकवलं. ‘ता’ लिहिलं. त्यांच्या अक्षराचा काना लांब आणि ठाम होता, आणि बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. एक चुकीची नोंद. शाईत, तारखेसकट, त्यांच्या घराच्या पत्त्यासमोर. यावेळी कुणी त्यांना तिकडे बघा म्हणालं नव्हतं. सगळे म्हणत होते, इकडे बघ. बघण्याचे अकरा महिने संपले होते. आता एकतर ते अक्षर पुरं होणार होतं, किंवा नाही.

ताईने त्यांच्या दंडावर हात ठेवला. हात उबदार होता. नेहमीसारखाच.

“थांबा,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, फक्त अंगणाच्या फाटकापर्यंत पोचला. “ते खोडा. कायम लिहा.”

“मॅडम, दोन तास...” सचिवांनी सुरुवात केली.

“दोन तास लागू देत. तपासणीला मी साहेबांबरोबर येते, यंत्र मला वाचता येतं. दर महिन्याची फेरीही चालेल.”

साहेबांनी ‘ता’वर एक सरळ रेघ मारली. बाईंनी दंडावरचा तो हात आपल्या पिवळ्या हातात घेतला आणि ताईच्या डोळ्यांत बघितलं.

“ताई,” त्या म्हणाल्या, “मी तुझ्याकडे राहायला येणार नाही.”